मदत हवी आहे: अल्ट्राफिल्ट्रेशनमध्ये प्रोटिएझची जवळपास निम्मी अ‍ॅक्टिव्हिटी कुठे जाते?

नमस्कार मंडळी,

बॅसिलस लायकेनिफॉर्मिसपासून डिटर्जंटसाठीचं अल्कलाइन प्रोटिएझ (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) काढतोय. फर्मेंटेशन छान जमलंय, घोडं अडलंय ते पुढे.

ब्रॉथ (फर्मेंटेशनचा द्रव) थंड करून, कॅल्शियम क्लोराइड घालून सेंट्रिफ्यूज करतो. वरचं द्रावण ८ लिटर मिळतं, अ‍ॅक्टिव्हिटी मिलीला १,२०० युनिट, म्हणजे एकूण ९६ लाख. ते अल्ट्राफिल्ट्रेशनच्या १० किलोडाल्टनच्या मेम्ब्रेनवर (त्याहून मोठे रेणू अडवणारी बारीक गाळणी) १ लिटरपर्यंत आटवतो आणि क्षार काढायला ४ लिटर फॉस्फेट बफरने धुतो. शेवटी हातात ५३ लाख! एन्झाइम साधारण २७ किलोडाल्टनचं, तरी निसटत असेल म्हणून पर्मिएट (मेम्ब्रेनमधून पलीकडे गेलेलं पाणी) तपासलं. त्यात जेमतेम २ लाख. उरलेले ४१ लाख कुठे गेले? तीन बॅच झाल्या, दर वेळी हेच.

पर्मिएटची धार तासाभरातच बारीक होते (फेस मारणारं सिलिकॉनचं अँटिफोम बरंच पडलंय, द्रव बोटाला बुळबुळीत लागतो). त्यामुळे काम साडेपाच तास चालतं आणि पंपाने द्रव ३४ अंशांपर्यंत तापतो. शिवाय बफर घातला की कोऱ्या चहासारखं स्वच्छ द्रावण पांढुरकं, गढूळ होतं.

अमोनियम सल्फेटने साका पाडला तर नुकसान कमी होतं, पण एवढं मीठ सांडपाण्यात सोडायला मन धजत नाही.

प्रोटिएझ स्वतःलाच खातंय की मेम्ब्रेनला चिकटतंय, हे कसं ओळखू?

प्रतिसाद:
आधी कॅल्शियम घालता आणि मग फॉस्फेटने धुता, गोम तिथेच असावी. गढूळपणा बहुधा कॅल्शियम फॉस्फेटचा, तो मेम्ब्रेनही चोंदवतो. या प्रोटिएझची घडी कॅल्शियमवर टिकते; ते निघालं की घडी सैलावते आणि एक रेणू दुसऱ्याला तोडायला लागतो. मी स्वतः यात एक अख्खी बॅच घालवली आहे. ट्रिस बफर घ्या, पीएच ८, त्यात २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. टाकीभोवती बर्फ ठेवा, १० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

खात्री करायची तर आटवलेल्या द्रावणाचे दोन नमुने काढा, एकात फॉस्फेट, एकात ट्रिस-कॅल्शियम, आणि पंपाविना ३४ अंशांवर तेवढाच वेळ ठेवा. मेम्ब्रेन धुतल्याचं पहिलं पाणीही मोजा, पण ती साफ करायला कॉस्टिक सोडा लावायच्या आधी. कॉस्टिकनंतर चिकटलेलं एन्झाइम मरतं, मग काही कळत नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार. दोन्ही नमुने आत्ताच ठेवलेत. फॉस्फेटवाला घालताक्षणी गढूळ झाला, दुसरा अजून स्वच्छ आहे. अ‍ॅक्टिव्हिटीचे आकडे संध्याकाळी इथेच टाकतो.