मदत हवी आहे: १९९२ ची लग्नाची व्हीएचएस कॅसेट घरच्या संगणकावर घेऊन चांगली डीव्हीडी कशी करावी?

लातूरहून लिहितेय. प्रश्न तांत्रिक आहे, पण कॅसेटमध्ये काय आहे ते सांगितल्याशिवाय माझी तगमग कळायची नाही.

मे १९९२ मध्ये औसा तालुक्यातल्या आमच्या गावी मोठ्या आत्याचं लग्न झालं. त्याची दोन तास चाळीस मिनिटांची कॅसेट आहे. पुढच्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती, वर जड माळवद. वाडा राहिला नाही आणि आजीही गेली. कॅसेटमध्ये साधारण सव्वा तासानं घाणा भरायचा प्रसंग येतो. आजी जात्याच्या खुंट्याला हात लावून ओवी म्हणते, जेमतेम चाळीस सेकंद. तिचा आवाज आमच्याकडे तेवढाच आहे.

मागच्या वर्षी एका दुकानातून डीव्हीडी करून घेतली. माणसं आडवी ताणलेली, अंधाराच्या जागी चौकोनच चौकोन. म्हणून यंदा शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणला, साधी यूएसबी कॅप्चर स्टिक घेतली आणि पिवळी-पांढरी-लाल वायर जोडून व्हर्च्युअलडब या प्रोग्रॅममध्ये ७२० बाय ५७६ वर रेकॉर्डिंग केलं. चित्र दुकानापेक्षा बरं आलं. पण सुरुवातीला जुळलेला आवाज घाण्यापर्यंत येता येता जवळजवळ सेकंदभर सरकतो. अण्णांनी बघितलं नि म्हणाले, "माय बोलायली एकीकडं अन् ओठ हलायलेत दुसरीकडं." आणि उठून गेले.

तर हा आवाज कसा जुळवायचा? लॅपटॉपवर हात हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात, त्या काढायच्या का? चित्राच्या तळाशी एक पट्टी सतत थरथरते, तिचं काय? सगळं एका डीव्हीडीत बसवावं का? आणि वरातीची दुसरी कॅसेट आहे, तिच्या खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसते. ती लावून बघू का?

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: भुकटीवाली कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. ती बुरशी आहे. व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर बसेल आणि तिथून तुमच्या चांगल्या कॅसेटवर जाईल. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा. फीत उघडून साफ करणारा माणूस भेटेल तेव्हा बघू.

आता आवाज. जुन्या फितीचा सिग्नल एकसारखा येत नाही. मध्येच तो डगमगला की स्टिक एखादी फ्रेम गाळते, आवाज मात्र पूर्ण घेते. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ गळल्या की सेकंदभराचा फरक. व्हर्च्युअलडबच्या खिडकीत गळलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो, तो किती आला ते कळवा. कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून परत मागे आणा, म्हणजे फीत सारखी गुंडाळली जाईल. व्हीसीआरचं ट्रॅकिंग (हेड फितीवरच्या रेषेत आणायचं बटण) नीट लावा. हेड साफ करताना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कागद भिजवून ड्रमवर (हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागावर) स्थिर धरा आणि ड्रम हातानं फिरवा. कागद वरखाली घासलात तर हेड तुटतं. एवढं करूनही फ्रेम गळत असतील तर कुणाकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडला आहे का बघा. रेकॉर्ड करायचं नाही, व्हीसीआर आणि स्टिकच्या मध्ये फक्त जोडायचा. काही मॉडेल आतल्या आत सिग्नल सावरून पुढे देतात.

आणि लोडशेडिंगच्या वेळा टाळा. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, व्हीसीआर नाही. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर आवाजात घरघर येऊ शकते.

प्रतिसाद २

कंगव्याच्या रेघा काढू नका, हे कळकळीनं सांगतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते: आधी एकाआड एक ओळी, मग १/५० सेकंदानं उरलेल्या. लॅपटॉप दोन्ही एकदम दाखवतो म्हणून दात दिसतात. डीव्हीडी हीच पद्धत जशीच्या तशी पाळते आणि टीव्हीवर रेघा दिसत नाहीत. त्या पुसल्या तर हालचालीतली निम्मी माहिती जाते. फक्त फील्डचा क्रम बरोबर निवडा. अशा स्टिकमध्ये बहुतेक वेळा वरचं फील्ड आधी असतं. क्रम उलटा लागला तर चालणारा माणूस मागेपुढे झटके खातो, लगेच ओळखू येतं.

तळाची पट्टी व्हीसीआरमध्ये एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाताना येते. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जायची. चित्र कापून ताणू नका, ओळींची सरमिसळ होईल. तेवढ्या ओळींवर काळा पट्टा टाका. आणि माणसं ताणलेली दिसली ती दुकानदारानं ४:३ ऐवजी १६:९ लावल्यामुळे.

एका डिस्कमध्ये कोंबू नका. ४.७ जीबीमध्ये दोन तास चाळीस मिनिटं बसवायची तर आवाजासकट सेकंदाला ३.९ मेगाबिटच मिळतात. व्हीएचएसचं चित्र मुळातच खरखरीत, आणि ही खरखर सेकंदाला मिळणारे हे बिट खाते. चौकोन त्यातूनच येतात. ८०-८० मिनिटांच्या दोन डिस्क केल्यात तर व्हिडिओला ७ मेगाबिट देता येतात. तुमचा घाणा संपतो तिथंच तुकडा पाडा. आवाज ४८ किलोहर्ट्झ ठेवा, डीव्हीडीला तोच लागतो.

मूळ रेकॉर्डिंग हफीयूव्ही या साठवायच्या पद्धतीत घ्या, त्यात काही गमावत नाही. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा लागेल. डीव्हीडी झाली तरी ती फाइल पुसू नका. डिस्क उन्हाच्या कपाटात ठेवल्या की खराब होतात आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

धागाकर्तीचं उत्तर, बारा दिवसांनी

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या वेळी २६ फ्रेम गळल्या होत्या. हेड साफ केल्यावर ९. मग मावसभावाच्या माळ्यावरून डीव्हीडी रेकॉर्डर काढला, मध्ये जोडला, आणि आकडा शून्य. आजीच्या ओवीचा शब्द न् शब्द ओठांवर बसला.

पहिली डिस्क इमेजबर्न या प्रोग्रॅमवर ४एक्स वेगानं लिहिली, तपासणी करून घेतली आणि पुनर्वसित गावातल्या घरी नेली. अण्णांनी तो भाग तीनदा लावला. चौथ्यांदा आत्यानं ओवी सोबत म्हटली. पुढची ओळ तिला आठवत होती, कॅसेटमध्ये नसलेली. ती मी वहीत उतरवून घेतली.

एकच अडचण उरलीय. आजीच्या चेहऱ्यावर मध्येच पांढऱ्या रेघा चमकून जातात. मी तीनदा कॅप्चर केलं, दरवेळी रेघा वेगळ्या जागी आल्या. तिन्ही मिळून एक स्वच्छ चित्र करता येतं का?

प्रतिसाद २

येतं. तिन्ही कॅप्चर फ्रेमला फ्रेम जुळवायची आणि अ‍ॅव्हीसिंथ या स्क्रिप्टवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बिंदूची मधली किंमत घ्यायची. रेघ एकाच फाइलमध्ये असली तर बाकीच्या दोन तिला बाद करतात. अख्ख्या कॅसेटला हे जिकिरीचं आहे, पण चाळीस सेकंद म्हणजे हजार फ्रेम. पाच कॅप्चर असतील तर आणखी चांगलं, मात्र फीत जपा, दोनपेक्षा जास्त वेळा आता चालवू नका. तेवढा भाग मूळ फाइलमधून कापून ठेवा, ताई. स्क्रिप्ट मी रविवारी इथंच लिहून देतो.