दोन दिवसांत दोन सीटी स्कॅन : पाच वर्षांच्या मुलीला किती किरणोत्सर्ग मिळाला?

डिचोलीतील पालक

चवथीच्या आदल्या दिवशी घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची आरास, बांधण्याचे काम सुरू असताना माझी पाच वर्षांची मुलगी स्टुलावरून पडली आणि तिचे डोके फरशीवर आपटले. दोनदा ओकारी झाली व ती पेंगू लागली, म्हणून आम्ही तिला जवळच्या खासगी रुग्णालयात नेले. तेथे डोक्याचा सीटी स्कॅन झाला. त्यात रक्तस्राव किंवा अस्थिभंग आढळला नाही. दुसऱ्या दिवशी ती डोके दुखते म्हणू लागली, तेव्हा आम्ही दुसऱ्या रुग्णालयात गेलो. घाईत फिल्म घरीच राहिली, सीडी तर आम्हाला मिळालीच नव्हती, आणि तेथे पुन्हा स्कॅन करण्यात आला. तोही निर्दोष आला.

आता महिन्याने केवळ खात्रीसाठी तिसरा स्कॅन करून घ्यावा, असे सांगण्यात आले आहे. मुलगी खेळते, जेवते, शाळेत जाते. दोन्ही ठिकाणांहून मी डोसचा कागद मागून घेतला. पहिल्यावर डीएलपी 420 आहे, दुसऱ्यावर 980. हे आकडे कसे वाचावेत, आणि त्याच डोक्याला एका दिवसाच्या अंतराने दुपटीहून अधिक मात्रा का लागावी?

फोंड्याचा वाचक

इतकी चिंता करू नये. विमानातही किरणोत्सर्ग असतोच, आणि त्याने कोणाचे काही बिघडलेले नाही.

सीटी तंत्रज्ञ, मडगाव

विमानाची तुलना येथे लागू पडत नाही. दाबोळीहून मुंबईला जाताना मिळणारी मात्रा काही मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे मिलिसिव्हर्टच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतकी असते. आपण मिलिसिव्हर्टविषयी बोलत आहोत; शरीराला मिळालेला किरणोत्सर्ग याच एककात मोजतात.

डीएलपी म्हणजे यंत्राने दिलेली मात्रा गुणिले स्कॅन केलेल्या भागाची लांबी. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यासाठी हा आकडा 0.004 ने गुणला की मिलिसिव्हर्टमध्ये ढोबळ अंदाज मिळतो. पहिला स्कॅन सुमारे 1.7 आणि दुसरा सुमारे 3.9 मिलिसिव्हर्टचा झाला. जगभरात माणसाला जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे सव्वादोन वर्षांची नैसर्गिक मात्रा दोन दिवसांत मिळाली. प्रौढाच्या डोक्यासाठी हाच गुणक जवळपास निम्मा असतो. तोच आकडा लहान मुलाच्या बाबतीत अधिक मात्रा दाखवतो.

युरोपमध्ये एक ते सहा वर्षांच्या मुलांच्या डोक्याच्या स्कॅनसाठी संदर्भ म्हणून डीएलपी 505 धरला जातो. तो ओलांडू नये अशी मर्यादा नव्हे, पण ओलांडल्यास कारण शोधावे असा तो इशारा असतो. आपला पहिला आकडा त्याच्या आत आहे, दुसरा जवळजवळ दुप्पट. याची नेहमीची कारणे दोन : यंत्र प्रौढांच्या मांडणीवर (प्रोटोकॉलवर) राहिले, किंवा एकाच भेटीत दोन फेऱ्या घेतल्या. कागदावर ओळी किती आहेत ते पाहावे. प्रत्येक फेरीची ओळ वेगळी असते, आणि बेरीज खाली येते.

एक गोष्ट पोटाच्या स्कॅनविषयी, कारण पालक तेही विचारतात. तेथे यंत्र सहसा 32 सेंटीमीटर जाडीच्या, शरीराऐवजी मोजमापासाठी वापरलेल्या नमुन्यावर आधारलेला आकडा दाखवते, आणि मूल तर त्याहून बरेच बारीक असते. त्यामुळे कागदावरचा आकडा लहान दिसतो आणि प्रत्यक्ष मात्रा दुपटीच्या आसपासही असू शकते. आपले दोन्ही स्कॅन डोक्याचे आहेत, म्हणून त्यांची परस्परांशी तुलना योग्यच आहे.

बालरोगतज्ज्ञ, म्हापसा

धोका शून्य नाही, आणि फार मोठाही नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, नऊ युरोपीय देशांतील सुमारे साडेनऊ लाख मुलामुलींच्या अभ्यासातून असा अंदाज निघाला की आजच्या सरासरी मात्रेत दहा हजार मुलांचे स्कॅन झाले, तर पुढील बारा वर्षांत एखाद-दोघांना त्या किरणोत्सर्गामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. मात्रा वाढते तसा हा धोकाही वाढतो, म्हणूनच आपण दुसऱ्या आकड्याबद्दल विचारलेले योग्य आहे.

पहिल्या स्कॅनविषयी मला आक्षेप नाही. दोनदा ओकारी आणि पेंग असताना कोणीही तो सांगू शकतो. काही डॉक्टर चार ते सहा तास निरीक्षणाखाली ठेवणेही पसंत करतात. तिसऱ्या स्कॅनचे मात्र कारण मला दिसत नाही. पहिले दोन निर्दोष असताना आणि मूल बरे असताना केवळ खात्रीसाठी तो करू नये. पुन्हा ओकाऱ्या, आकडी, चालीत किंवा वागण्यात बदल असे काही दिसले, तर मात्र वेळ न घालवता गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) न्यावे, आणि तेव्हा किरणोत्सर्गाच्या भीतीने स्कॅन टाळू नये. एमआरआयमध्ये असा किरणोत्सर्ग नसतो, पण एवढ्या लहान मुलाला त्यासाठी अनेकदा झोपेचे औषध द्यावे लागते.

डिचोलीतील पालक

कागद पुन्हा पाहिला. ओळी दोन आहेत. पहिली 460, दुसरी 520, आणि दुसरीपुढे कॉन्ट्रास्ट असे लिहिले आहे. मुलीला शिरेतून औषध टोचले होते, ते आता आठवले. आम्हाला ते झोपेसाठी असावे असे वाटले होते. डोक्याला मार लागला असता कॉन्ट्रास्टची गरज असते का?

सीटी तंत्रज्ञ, मडगाव

सहसा नसते. कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्रात रक्तवाहिन्या वगैरे ठळक दिसाव्यात म्हणून शिरेतून टोचलेले औषध. ताजा रक्तस्राव आणि हाड साध्या फेरीतच उत्तम दिसतात. म्हणजे प्रत्येक फेरी 505 च्या आसपास असल्याने यंत्राची मांडणी ठीक होती, दुसरी फेरी टाळता आली असती. विनंतीपत्राची प्रत मागून घ्या, त्यावर कॉन्ट्रास्ट कोणी लिहिला ते कळेल. आणि दोन्ही स्कॅनच्या सीडी आजच घेऊन ठेवा.