नटसम्राट (२०१६): नाना सोडला तर बाकी काय उरतं?

सायली_के:
परवा आईबाबांसोबत नटसम्राट परत बघितला. थिएटरमध्ये बघितला तेव्हा धाय मोकलून रडले होते, यावेळी मात्र सारखं वाटत राहिलं की नाना पाटेकर एकटा ओढतोय आणि बाकी पिक्चर मागून फरपटत येतोय. मुलगा, सून, जावई, सगळे जणू म्हाताऱ्याचा छळ करण्यापुरतेच लिहिलेत, आणि जरा कुठे वाईट वाटायला लागलं की पार्श्वसंगीत असं चढतं की नानाचा चेहरा नीट बघूच देत नाही. 'वास्तव' सिनेमा करणाऱ्या दिग्दर्शक महेश मांजरेकरांकडून जास्त अपेक्षा होती. मलाच असं वाटतं का?

रंगपेटी:
अनुमोदन. नाटक १९७० चं, शिरवाडकरांनी शेक्सपिअरचं किंग लिअर डोक्यात ठेवून लिहिलेलं. आता लिअरचं दुःख येतं कुठून, तर त्याच्या स्वतःच्या हेकेखोरपणातून. इथेही बायको कावेरी आधीच बजावते की सगळं मुलांना वाटून टाकू नका, पण अप्पा बेलवलकर, म्हणजे नानाचा म्हातारा नट, ऐकतात होय! नानाने हे बरोब्बर पकडलंय, त्याचा अप्पा तोंडाळ आहे, पितो, चारचौघात कुणाचाही अपमान करतो, अशा माणसासोबत एका घरात राहणं खरंच अवघड आहे हे त्याच्या वागण्यातून दिसतं. पण पटकथा अप्पांना सगळं माफ करते आणि सगळं खापर मुलांवर फोडते. सुनेला एक तरी सीन द्यायचा होता ज्यात तिचंही बरोबर वाटेल. मग नानाच्या अभिनयाला समोरून टक्कर मिळाली असती.

कोल्हापुरी_दादा:
नाही पटलं. एवढी चिरफाड कशाला? आमच्या पुतण्याने आयुष्यात नाटक बघितलं नव्हतं, तो 'कुणी घर देता का घर' पाठ म्हणायला लागला या पिक्चरमुळे. आणि अप्पांचा मित्र झालेले विक्रम गोखले विसरलात का राव, हॉस्पिटलातला कर्ण-कृष्णाचा प्रवेश बघा परत. गोखले कॉटवर, अंगात त्राण नाही, आणि बोलायला लागले की आजारपण कुठल्या कुठे जातं, आणि नाना त्यावेळी त्यांच्यावर कुरघोडी करत नाही, मित्राला बोलू देतो. अख्ख्या पिक्चरचे पैसे तिथे वसूल.

सायली_के:
दादा, तो सीन मलाही फार आवडतो, माझं म्हणणं तेच तर आहे! समोर तोडीस तोड माणूस आला की नाना आणखी चांगला होतो. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो तिथे मृण्मयी देशपांडे पण छान करते, कारण तिथे तिला खरोखर काहीतरी करायला दिलंय. मुलगा आणि सुनेच्या वाट्याला ते आलंच नाही.

रंगपेटी:
अजून एक. मूळ नाटकात अप्पा करणाऱ्या श्रीराम लागूंसाठी ती स्वगतं होती रंगमंचावर, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायला. कॅमेऱ्यापुढे तोच आवाज वापरला की जड होतं. मला नाना सगळ्यात भावला तो कावेरीशी हळू आवाजात बोलतो तेव्हा, 'सरकार' म्हणतो तेव्हा. असे सीन दुप्पट हवे होते आणि स्वगतं निम्मी.

कोल्हापुरी_दादा:
स्वगतं निम्मी केली तर मग नटसम्राट कशाला म्हणायचं त्याला? बाकी सुनेचा मुद्दा मात्र मान्य.