बंद असलेल्या अँबॅसेडरच्या इंजिनातील जुने ऑइल आणि गाळ कसा काढावा?

प्रश्न : होटगी रोड, सोलापूर

नमस्कार. आमच्याकडे १९६८ सालची अँबॅसेडर मार्क टू आहे. वडील होते तोपर्यंत ती नेहमी रस्त्यावर असे आणि कार्तिकीला पंढरपूरची फेरी तिच्यातूनच होई. त्यांच्या पश्चात गेली अकरा वर्षे ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. मागच्या आठवड्यात टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनवरचे झाकण, उघडून पाहिले, तर आत सगळीकडे डांबरासारखा काळा थर बसलेला दिसला आणि बोटाने खरवडला तेव्हा तो लोण्यासारखा निघाला. ओळखीचे एक मिस्त्री म्हणतात की चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, निम्मे ऑइल आणि निम्मे रॉकेल घालून दहा मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे सगळी घाण सुटून खाली येईल. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने मात्र इंजिन आतून धुणाऱ्या फ्लशिंगची तयार बाटली सुचवली आहे. इंजिन पूर्ण उतरवून खोलण्याइतका खर्च सध्या मला झेपणारा नाही. यांपैकी कोणता मार्ग धरावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : गॅरेज व्यावसायिक, अक्कलकोट रोड

दोन्हींपैकी एकही मार्ग धरू नका, आणि गाळ निघेपर्यंत स्टार्टर मारू नका, ही पहिली विनंती.

तुमच्या मिस्त्रींचे म्हणणे एका अर्थी खरे आहे. रॉकेल गाळ सोडवते, पण अडचण नेमकी तिथेच आहे. सुटलेला गाळ विरघळून नाहीसा होत नाही, तर त्याचे पापुद्रे होऊन चेंबरच्या तळाशी येतात आणि तिथे ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर चिकटतात. जाळी बुजली की पंपाला ऑइल मिळत नाही, आणि त्याच वेळी रॉकेलने पातळ झालेल्या ऑइलचा थर क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) व बेअरिंग यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याइतका जाड उरलेला नसतो. नियमित ऑइल बदललेल्या गाडीत फ्लशिंगच्या बाटलीने फारसे बिघडत नाही. अकरा वर्षांच्या गाळावर मात्र तिचा परिणाम रॉकेलसारखाच होतो.

हा गाळ साचतो कसा, हेही समजून घ्यावे. त्या काळच्या साध्या ऑइलमध्ये काजळी तरंगत ठेवणारी रसायने नसत किंवा फार कमी असत, त्यामुळे काजळी जिथे जागा मिळेल तिथे बसत गेली. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, म्हणून ज्वलनातून आलेल्या वाफेचे पाणी आतच राहिले. २००० सालापर्यंत आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोलही मिळत होते आणि त्याचे अवशेष या थरात असतात, तेव्हा हातमोजे घालूनच काम करा.

आता काम कसे करावे ते सांगतो. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचे दोन चमचे ऑइल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी चेंबरचा ड्रेन प्लग अगदी हळू सैल करा, कारण पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी साचलेले असते आणि तेच आधी बाहेर येते. ऑइल निथळल्यावर चेंबर खाली उतरवा. जागा अडचणीची वाटली, तर इंजिनचे माउंटिंग ढिले करून ते जॅकने थोडे उचलावे लागेल. चेंबर आणि जाळी बाहेर काढून रॉकेल व ब्रशने खुशाल धुवा. रॉकेलची खरी जागा तीच आहे. पेट्रोल मात्र आगीच्या भीतीने वापरू नका. वर रॉकर शाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात तो दांडा, काढा. तो आतून पोकळ असतो आणि त्यातूनच रॉकरला ऑइल मिळते, म्हणून टोकाचा स्क्रू काढून आतली नळी तारेने मोकळी करा. बाजूची टॅपेटची दोन झाकणेही उघडा, कारण त्यांच्या मागे पुष्कळ गाळ सापडतो. खरवडण्याआधी ऑइल खाली जाण्याची छिद्रे कापडाने बंद करा आणि निघालेला गाळ चमच्याने वर उचलून घ्या. तो खाली ढकलू नका.

पुसण्यासाठी सुती धोतराचे जुने कापड घ्या. आपल्या गावात टॉवेलचे तुकडे हवे तेवढे मिळतात, पण त्यांचे धागे सुटतात आणि तेच पुढे जाळीत अडकतात. गॅरेजमधले कॉटन वेस्टही इंजिनच्या आत नेऊ नये.

उत्तर २ : जुळे सोलापूर

वरील सल्ल्याला माझ्या अनुभवाची पुष्टी जोडतो. माझी फियाट अकराशे डिलाइट आहे. ती बनवणारी प्रीमियर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, म्हणून या गाडीवर आमच्या घराचा विशेष जीव. एका गॅरेजमध्ये तिला असेच रॉकेल घालून चालवले. मी समोर उभा होतो आणि माझी संमती होती. आठवडाभर गाडी उत्तम चालली. त्यानंतर तुळजापूरच्या घाटात ऑइलचा दिवा लागला आणि मी गाडी थांबवेपर्यंत खालून ठक-ठक असा आवाज येऊ लागला होता. चेंबर उतरवल्यावर पाहिले, तर जाळी पूर्ण बुजलेली होती. क्रँक ग्राइंड करून नवीन बेअरिंग बसवावे लागले. चेंबर उतरवण्याची मजुरी मी वाचवली होती, आणि तिच्या कितीतरी पट रक्कम त्या कामाला गेली.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल चेंबर उतरवला. आधी साधारण अर्धा पेला पाणी आले आणि मग ऑइल. तळाशी दोन बोटे गाळ होता आणि जाळी निम्म्याहून अधिक बुजलेली होती. गाळ रॉकेलमध्ये कालवून कापडातून गाळला, तेव्हा बारीक चमकणारे कण दिसले. लोहचुंबक फिरवला, पण ते त्याला चिकटले नाहीत. हे काळजीचे आहे का?

उत्तर १ : गॅरेज व्यावसायिक, अक्कलकोट रोड

चुंबकाला न चिकटणारे कण बहुधा बेअरिंगचे असतात. पन्नास वर्षांहून जुन्या इंजिनात पिठासारखी बारीक पूड निघणे स्वाभाविक आहे. नखाने उचलता येतील अशा चकत्या असतील, तर काळजी करावी. चेंबर उतरलेलाच आहे, तेव्हा कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची) एक टोपी खोलून शेल, म्हणजे आतल्या बेअरिंगचे अर्धगोल पत्रे, पाहा. रंग एकसारखा राखाडी असेल, तर परत बसवा. तांब्याची छटा किंवा बोटाला लागणारे ओरखडे दिसले, तर चारही रॉडचे शेल बदला. टोपी ज्या रॉडची असेल त्यालाच आणि त्याच बाजूने बसली पाहिजे, म्हणून खोलण्याआधी खूण करून ठेवा.

त्यानंतर नवीन गास्केट, नवीन फिल्टर आणि २०डब्ल्यू-५० ऑइल घाला. इथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि या जुन्या इंजिनाला तेच जाड ऑइल मानवते. प्लग न लावता हँडलने इंजिन फिरवून पाहा. मोकळे फिरले, तर स्टार्टर मारत राहा आणि ऑइलचा दाब दिसू लागल्यावरच प्लग बसवा. पहिले ऑइल २५० ते ३०० किलोमीटरला बदला, दुसरे १,००० किलोमीटरला. उरलेला थर नवीन ऑइल हळूहळू सोडवत राहील आणि फिल्टर तो अडवेल. गाळाने बुजलेल्या फटी मोकळ्या झाल्यामुळे मागच्या बाजूने थोडी गळती सुरू होईल. तिला घाबरू नका, फक्त पट्टीवर ऑइलची पातळी पाहत राहा. जुने ऑइल आणि गाळ कॅनमध्ये भरून ठेवा व वापरलेले ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडेच द्या. ते गटारात सोडू नका.

प्रश्नकर्ता

दोन नंबरच्या रॉडची टोपी खोलली. शेल राखाडी आहेत आणि ओरखडा नाही. गास्केट आणली आहे. रविवारी सकाळी चेंबर बसवून हँडल मारणार आहे. दाब किती दिसतो ते इथेच कळवतो.