बॅरन बेट आणि सह्याद्री: दोन्हीकडचा लाव्हा आला कोठून?

नाशिककर:
मुलीला भूगोल शिकवताना एका ठिकाणी अडलो आहे. अंदमानातील बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी असून तेथे भारतीय भूपट्ट बर्मा भूपट्टाखाली घुसतो, घुसताना घर्षणाने तापून वितळतो आणि तोच रस वर येतो, असे स्पष्टीकरण वाचनात येते. परंतु समुद्रतळाशी कोट्यवधी वर्षे थंड होत गेलेला खडक खाली जाताच वितळेल कसा? शिवाय आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच आहे, पण त्याच्या आसपास भूपट्टाची कड नाही. तेथे पुन्हा उद्रेक होऊ शकेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

कातळकडा:
तुमची शंका रास्त आहे. खाली जाणारा भूपट्ट भोवतालच्या प्रावरणापेक्षा (पृथ्वीच्या कवचाखालच्या खडकाच्या जाड थरापेक्षा) थंडच असतो आणि बहुतेक ठिकाणी तो स्वतः फारसा वितळत नाही. खरे काम पाण्याचे असते. सागरतळाच्या खडकात मुरलेले पाणी सर्पेंटाइन, अँफिबोल यांसारख्या खनिजांच्या रचनेतच बांधले गेलेले असते. भूपट्ट सुमारे १०० किलोमीटर खोलीवर पोहोचेपर्यंत वाढत्या दाबाने आणि तापमानाने ही खनिजे मोडत जातात आणि सुटलेले पाणी वरच्या प्रावरणात शिरते. ते प्रावरण तापलेले असले तरी घन असते. कुल्फीच्या मडक्यात बर्फावर मीठ टाकल्यावर तो जसा पाझरू लागतो, तसाच पाण्यामुळे या खडकाचा वितळणबिंदू काही शे अंशांनी उतरतो आणि वेगळी उष्णता न मिळताही शिलारस तयार होतो. म्हणूनच सुमात्रा-जावाचे ज्वालामुखी सागरी गर्तेच्या (भूपट्ट जेथे खाली घुसू लागतो त्या खोल चराच्या) अगदी काठावर नसून तिला समांतर, बरेच आत उभे आहेत.

हेच पाणी शिलारसात विरघळून वर येते आणि दाब कमी होताच वायुरूपाने फसफसून बाहेर पडते. १८१५ चा तांबोराचा आणि १८८३ चा क्राकाटोआचा उद्रेक एवढा भीषण होण्यामागे हे मोठे कारण होते. बॅरनचा लाव्हा मुख्यतः बेसाल्ट आणि बेसाल्टी अँडेसाइट प्रकारचा, म्हणजे पातळ आणि वायू सहज निसटू देणारा असल्याने दीर्घ शांततेनंतर १९९१ पासून तेथे होत आलेले उद्रेक त्या मानाने सौम्य आहेत.

घाटवाट:
सह्याद्रीची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे पाण्याऐवजी दाब निर्णायक ठरला. प्रावरणाच्या खोल भागातून भोवतालापेक्षा अधिक तप्त खडकाचा स्तंभ अतिशय सावकाश, घनरूपातच वर सरकतो. पृष्ठभागाजवळ येताना त्याच्यावरचा दाब उतरतो आणि तो अंशतः वितळतो. अशा जागेला तप्तबिंदू म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस असताना, आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तबिंदूवरून सरकत होता, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्या काळच्या लाव्ह्याचे थर आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. कोणत्याही घाटरस्त्याच्या कापलेल्या कड्यापाशी थांबून पाहा: थराच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांची भोके दिसतात, त्यांत पुढे पांढरी झिओलाइट खनिजे भरलेली असतात, आणि दोन थरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातीची पट्टी असते. ती पट्टी म्हणजे दोन प्रवाहांमधल्या काळात झिजलेला जुना पृष्ठभाग होय.

भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग उमटली. १९८७ मध्ये सागरतळात छिद्रे पाडून काढलेल्या बेसाल्टचे वय मोजले, तेव्हा ते दक्षिणेकडे कमी होत गेल्याचे आढळले. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. रियुनियनवरील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वारंवार जागा होतो. त्या तप्तबिंदूपासून आपण हजारो किलोमीटर दूर आलो आहोत, त्यामुळे सह्याद्रीत त्याच्यामुळे पुन्हा उद्रेक होण्याचा प्रश्न उरत नाही.

नाशिककर:
दोघांचेही मनापासून आभार. मग हिमालयात भूपट्टांची टक्कर सुरू असूनही ज्वालामुखी का नाहीत?

कातळकडा:
कारण तेथे आता पाणी मुरलेला सागरी तळ खाली जात नाही. दोन्ही बाजूंना हलके, जाड खंडीय कवच आहे. टकरीपूर्वी मात्र टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली जात होता आणि तेव्हा तेथे ज्वालामुखींची रांग होती. तिच्या मुळाशी गोठलेला शिलारस लडाखच्या ग्रॅनाइटी डोंगरांत आज उघडा पडला आहे. लेहच्या उत्तरेला खार्दुंग ला चढताना रस्त्यालगत तोच खडक दिसतो.