मदत हवी आहे: हॅलोविनच्या व्हिनाइल मास्कवरचा ऑइल पेंट कसा काढू?

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण घरात कुणाला विचारायची सोय नाही.

नणंद ओहायोला असते. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा भाचीचा हॅलोविनचा मास्क इथेच राहिला. हिरवी चेटकीण, लांब नाक, हनुवटीवर चामखीळ. मागच्या वर्षी आमच्या चिरंजीवांना काळी मारबत व्हायचं होतं. (नागपूरबाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे काळ्या-पिवळ्या मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, काळी तर 1881 पासूनची. मुलांचा तान्हा पोळाही त्याच दिवशी.) मी अक्कल पाजळली आणि खिडकीच्या ग्रिलचा उरलेला काळा ऑइल पेंट चेटकिणीला फासला. पोराला बक्षीस मिळालं.

पेंट मात्र अजून वाळलेला नाही. वर्ष झालं! पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. परवा काढला तर पेपर गालाला चिकटलेला. ओढला, तर "निविदा सूचना" ही अक्षरं गालावर उलटी उमटली.

नेलपॉलिश रिमूव्हर लावून बघितलं. काळ्यासोबत खालचा हिरवाही निघाला, चामखीळ मऊ पडली आणि कापसाचे तंतू तिच्यात रुतून बसले. त्यानंतर थिनरला हात लावायची हिंमत झाली नाही. चितार ओळीत एका मूर्तिकारांना दाखवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला, आतून नख टोचलं आणि म्हणाले, "ताई, माती रंग पिते. हे पीत तर नाहीच, उलट हेच काहीतरी सोडून राहिलं." आणि परत दिला.

भाचीने फोनवर दोनदा विचारलंय, "मामी, माझी विच नीट आहे ना?" ती मंडळी तीन आठवड्यांत येतात, आणि 31 ऑक्टोबरला कॉलनीत हॅलोविन आहे (हो, आमच्या कॉलनीतसुद्धा). काळा कसा काढू? आणि हिरवा कोणता देऊ, जो चिपचिप करणार नाही?

प्रतिसाद

मूर्तिकारांनी बरोबर ओळखलं. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, पाइपाचंच प्लास्टिक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं प्लास्टिसायझर घालतात. तेच वर येऊन ऑइल पेंटमध्ये मुरतं, मग पेंट वाळणार कसा? स्प्रे पेंटचीही बऱ्याचदा हीच गत होते. रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन तर खुद्द पीव्हीसीलाच फुगवतं, थिनरचंही तेच. चामखिळीला आता दोन दिवस हात लावू नका, थोडी घट्ट होईल.

पेंट अजून मऊ आहे हे तुमच्या पथ्यावरच पडलं. आधी टाल्कम पावडर चोळा, वरचा थर बोटानेच वळकट्या होऊन सुटायला लागेल. उरलेल्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. कापसाचा बोळा भिजवून एकाच जागी पाचेक मिनिटं ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा आणि ओल्या फडक्याने पुसा. अख्खा मास्क त्यात बुडवून ठेवू नका, कडक पडेल. आधी कानामागे करून बघा. खिडकी उघडी ठेवा आणि हे काम गॅसजवळ नको. मूळ हिरवाही थोडाफार जाईल, ते धरूनच चाला.

नंतर भांड्यांच्या साबणाने धुऊन एक दिवस सुकवा. रंग अ‍ॅक्रिलिकच घ्या. कापडावरचे फॅब्रिक कलर चालतात, तेही अ‍ॅक्रिलिकच, वर लवचीक. स्पंजने टिपत पातळ हात द्या, चार-पाच. ब्रशने एकच जाड थर दिलात तर मास्क वाकला की तडकेल. शेवटी पाण्यातलं मॅट वॉर्निश.

प्रतिसाद

ताई, धुवाले उकळतं पाणी नका घेऊ बाप्पा. माह्या पोट्ट्याचा मास्क म्या गरम पाण्यात टाकला त नाकच चपटं झालं. मंग आतून चमचा लावून नाक वर केलं न् थंड पाण्याखाली धरलं, तवा सरळ झालं. न् उन्हात त वाळवूच नका, आत फडके कोंबून पंख्याखाली ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. पावडरीने अर्धं काम झालं, काळ्या शेवया निघाव्या तसा रंग निघाला. अल्कोहोलने बाकीचा गेला, फक्त सुरकुत्यांमध्ये काळं राहिलं. ते मुद्दाम ठेवलंय, चेटकीण आणखी म्हातारी दिसते. दुकानातला हिरवा फारच पोपटी निघाला, म्हणून त्यात थोडा तपकिरी मिसळला. चौथा हात आज दिला. बोट लावून बघितलं, ठसा नाही.

चामखीळ बसकीच राहिली. ती नव्याने करायची तर वर काय चिकटवू? फेविक्विक चालेल का, की तेही कडक होऊन निघून येईल?