मदत हवी आहे: आठ रॅम स्टिकपैकी खराब नेमकी कुठली, कसं ओळखू?

नमस्कार मंडळी,

वर्कस्टेशनमध्ये १६ जीबीच्या आठ ईसीसी (मेमरीतली चूक पकडून सुधारणाऱ्या) रॅम स्टिक आहेत, लिनक्स चालतं. दहा दिवसांपासून कर्नल लॉगमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदींत) 'करेक्टेड एरर', म्हणजे पकडून सुधारलेली चूक, दिसतेय, दर वेळी मेमरी कंट्रोलर ०, चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधला मार्ग) २. आधी दिवसाला एक-दोन होत्या, आता तासाला तीस-चाळीस.

मशीन अजून एकदाही अडकलेलं नाही. ईसीसी ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवते आणि एका बिटाची चूक जागच्या जागी सुधारते, हे मला माहीत आहे. पण त्याच ६४ बिटांत दोन बिट बिघडले तर चूक फक्त कळते, सुधारत नाही. माझी गणितं सलग तीन दिवस चालतात, त्यामुळे मला खरंच धास्ती वाटतेय.

मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवली, एकही एरर नाही! आणि बोर्डवर स्लॉटची नावं ए१, ए२ पासून डी२ पर्यंत आहेत. मग चॅनल २ म्हणजे बी की सी? आणि त्यातली पहिली की दुसरी? आठही काढून एकेक तपासत बसायचं का?

उत्तर: आठही काढू नका. मेमटेस्ट स्वच्छ आली यात नवल नाही. चूक हार्डवेअरमध्येच सुधारली जाते, टेस्टच्या हाती बरोबर डेटा पडतो. कर्नल चॅनल शून्यापासून मोजतो, म्हणून २ म्हणजे बहुधा सी. पण बोर्डागणिक हे बदलतं, त्यावर विसंबू नका. बायोसचा इव्हेंट लॉग उघडा. सर्व्हर-वर्कस्टेशन बोर्डांवर तिथे अनेकदा स्लॉटचं छापील नावच मिळतं. मग 'डीएमआयडीकोड' या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या कमांडने त्या स्लॉटमधल्या स्टिकचा सीरियल नंबर लिहून घ्या.

त्यानंतर फक्त दोन स्टिकची अदलाबदल करा, संशयित आणि दुसऱ्या चॅनलवरची एक. एका वेळी एकच बदल, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळणार नाही. एरर स्टिकबरोबर सरकली तर स्टिक खराब. जुन्याच चॅनलवर राहिली तर स्लॉट किंवा प्रोसेसरच्या सॉकेटची पिन बघावी लागेल. आधी पॉवरची वायर काढा, आणि केसच्या उघड्या धातूला हात लावून स्टॅटिक घालवा.

दुसरं उत्तर: नुसती काढून परत घट्ट बसवल्यानेही कधीकधी एरर जाते. म्हणून अदलाबदलीनंतर दोन्ही चॅनल शांत झाले तरी लगेच खूश होऊ नका, दोन-तीन दिवस लॉग बघा.

प्रश्नकर्ता: खूप आभार! इव्हेंट लॉगमध्ये सी२ लिहिलेलं होतं. सी२ आणि ए२ बदलल्या, लोड देऊन मशीन चालू ठेवलं. सहा तासांत चॅनल ० वर ५७ एरर आल्या, चॅनल २ वर शून्य. सीरियल नंबरही जुळला, म्हणजे स्टिकच गेली आहे.

आता एकच विचारायचंय. बाकी सात रजिस्टर्ड (कंट्रोलरचे सिग्नल पुढे देणारी जादा चिप असलेल्या), दोन रँकच्या (रँक म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपांचा एक संच) आहेत. नवीन रजिस्टर्डच घेणार, ते नक्की. पण एका रँकची मिळाली तर त्याच चॅनलवर चालेल का? कुणी अशी मिसळून वापरली असेल तर सांगा.